हातांची बाराखडी

(आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरील भाषणाचा संपादित भाग)

धूळपाटी हा शब्द आता शब्दकोशातच उरला आहे. आपल्या खापरपणजोबांच्या वेळची गावठी शाळा म्हणजे कुणाची तरी ओटी, नाहीतर देवळाचा सभामंडप. पुढ्यात पंतोजी आणि समोर दहा-वीस पोरं. प्रत्येकाजवळ एक लाकडी फळी. तिच्यावर विटेची किंवा मातीची बारीक पूड पसरायची आणि बोटाने, नाहीतर टोकदार काडीने अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. कागद महाग म्हणून ही सोय, असं आपण समजतो आणि ते खोटं नाही. पण त्या सोयीच्या पोटात शिकवण्याची एक युक्ती दडलेली होती. अक्षर डोळ्यांना ओळखू येण्याआधी बोटाला कळायचं. ‘ळ’ची दोन वळणं किंवा ‘ज्ञ’चा तो अवघड वेढा शंभर वेळा बोटाखालून गेला की हात ते विसरत नसे.

आमच्या मुसलमान घरांतून मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की ‘बिस्मिल्ला’ करायची चाल आहे. घरातलं वडीलधारं माणूस पोराचं बोट हातात धरून कायद्यातल्या अक्षरावरून फिरवतं आणि तोंडाने म्हणवून घेतं. शेजारच्या हिंदू घरात त्याच वयाच्या पोराचा ‘ओनामा’ होई. ताटात तांदूळ पसरायचे आणि त्याचं बोट धरून त्यावर ‘श्री’ काढायचा. दोन्ही घरांचे देव वेगळे आणि लिपीची दिशाही उलट, एक उजवीकडून तर दुसरी डावीकडून. पण शिकवण्याची सुरुवात दोन्हीकडे मोठ्या हातात धरलेल्या लहान बोटाने.

या बोटाने एकदा समुद्रही ओलांडला. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर भागात लष्करातल्या माणसांच्या पोरक्या मुलांची शाळा चालवत होता. तिथल्या देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. त्याने ती रीत आपल्या शाळेत आणली. त्याच्या शिक्षकांना हा प्रकार पसंत पडेना, तेव्हा त्याने मोठ्या मुलांकडूनच धाकट्यांना शिकवायला सुरुवात केली. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून हे सगळं विलायतेत गाजलं. पुढे तीच पद्धत साहेबाचं नाव घेऊन मुंबई इलाख्यात परत आली. आपली वस्तू परदेशातून शिक्का मारून आली की आपल्याला पटते, ही खोड जुनीच आहे.

पण म्हणून पंतोजींच्या शाळेचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. तिथे छडी होती. अर्थ न कळता केलेलं पाठांतर होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळे पाढे संध्याकाळी एका सुरात म्हणायचे, त्याला उजळणी म्हणत. त्या सुरात ताल होता, अंग डोलत असे, आणि ताल हा लक्षात ठेवण्याचा मोठाच आधार आहे, हे कवितेच्या नादी लागलेल्या माणसाला निराळं सांगायला नको. आम्ही अजून मात्रा बोटांच्या पेरांवर मोजतो. पण साडेतीन म्हणजे किती, हे तालात बसलेल्या सगळ्याच पोरांना कळत होतं असं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या ओटीवर कुणाला बसू द्यायचं आणि कुणाला अंगणाबाहेर ठेवायचं, हे जात ठरवत होती. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. शेतात, कुंभाराच्या चाकावर, सुताराच्या ओट्यावर ज्यांचे हात जन्मभर शहाणे होते, त्यांच्याच मुलांना धूळपाटी मिळत नव्हती.

हे कोडं जोतीराव फुल्यांनी ओळखलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, ते शिक्षकांनी अधूनमधून वाचावं असं आहे. प्राथमिक शाळेतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, असं ते सांगतात. गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, खालच्या थरातल्या माणसांत जो सहज मिसळेल, असा शिक्षक त्यांना हवा होता. त्याला पगार चांगला द्या, बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या, हेही त्याच निवेदनात आहे. शिक्षकाच्या हातांबद्दल आणि त्याच्या पोटाबद्दल एकाच दमात बोलणारा माणूस विरळाच. आपल्याकडची प्रशिक्षणं यातली पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी सोयीस्कर विसरतात.

सरकारी शाळा आल्या, छापील पुस्तक आलं, बाकं आली, तपासणीला साहेब येऊ लागला. दगडी पाटी आणि पेन्सिल यांनी धूळपाटीला निवृत्त केलं. मग वर्गावर एक हुकूम बसला. तो आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांनी दिलेलाही असेल : हाताची घडी, तोंडावर बोट! जरा विचार करा. मुलाजवळ शिकण्याची जी दोन अवजारं जन्मापासून आहेत, हात आणि तोंड, त्या दोन्हींना एका दमात कुलूप. वरून गंमत अशी की दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला बोट कुठून आणायचं, हे कुणी कधी सांगितलं नाही.

हे कुलूप काढण्याची खटपट आपल्याकडे ज्यांनी केली, त्यांत तीन नावं एकमेकांना लागून येतात. पहिलं गिजुभाई बधेका यांचं. वकिली सोडून हे गृहस्थ भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. इटलीच्या मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत जी शाळा काढली होती, तिच्याविषयी वाचून त्यांनी ही दिशा धरली. माँटेसरी बाई खरखरीत कागदातून अक्षरं कापत आणि मुलांना ती बोटांनी चाचपायला लावत. धूळपाटीची बहीणच म्हणायची! फरक इतकाच की इथे छडी नव्हती आणि मुलाला घाई नव्हती.

दुसरं नाव ताराबाई मोडकांचं. जन्म १८९२ चा, मुंबईतला; वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले. त्या काळात बी. ए. झालेल्या या बाई राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. मानाची जागा होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली लहान पोरांत जाऊन बसल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. बडबडगीतं, हातवारे करून म्हणायची अभिनयगीतं, गोष्टीचं नाटक करणं हे आज कुठल्याही बालवाडीत दिसतं. ते मराठी शाळेत रुजवण्यात ताराबाईंचा वाटा फार मोठा आहे. पण दादरची मुलं पोटभर जेवून, धुतलेले कपडे घालून येत होती. माँटेसरीची साधनं विकत घेण्याइतके पैसे तिथल्या पालकांकडे होते. हे सगळं खेड्यात जमेल काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडीना.

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे आपल्या कोकणचंच उत्तर टोक. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांना तिसरं नाव येऊन मिळालं, अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी, आणि पस्तिसाव्या वर्षी ताराबाईंबरोबर बोर्डी. त्याच वर्षी त्याच मुलखात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. म्हणजे आईबापांनी सावकारापुढे ताठ उभं राहायला आणि त्यांच्या मुलांनी पाटीला हात लावायला, दोन्हीला एकाच वर्षी आरंभ झाला. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतात.

बोर्डीत पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून मुलं आपणहून येत नाहीत. मग बालवाडीच वस्तीत न्यायची. हरिजन वाड्यातल्या अंगणात शाळा भरू लागली आणि तिचं नाव पडलं अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हेच नाव देशभर गेलं. आज काश्मीरपासून केरळपर्यंत जो शब्द चालतो, तो उत्तर कोकणातल्या एका अंगणात जन्मला.

साधनं विकत आणायला पैसे नव्हते. मग शंख-शिंपले, चिंचोके, गारगोट्या, झाडांची पानं, बांबूचे तुकडे, पक्ष्यांची पिसं ही साधनं झाली. लहान-मोठा हा फरक शिंपल्यांनी शिकवायचा, खरखरीत-गुळगुळीत पानांनी. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे वारली मुलांशी गाठ पडली. इथली अडचण नुसती गरिबीची नव्हती. मुलाची घरची बोली वारली, शाळेचं पुस्तक पुण्या-मुंबईच्या मराठीत. शिकवणारीचा शब्द मुलाला कळत नाही, मुलाचा शिकवणारीला. अशा वेळी दोघांना जोडणारी पहिली भाषा हाताची. वाकून दाखवलं, उडी मारून दाखवली, ओंजळ करून दाखवली की शब्द आपोआप मागून येतो. शब्द आधी आणि अर्थ मागाहून, ही पुस्तकाची रीत. इथे अर्थ पुढे चालत होता.

आणि मूल बैलांमागे रानात असेल तर? बाई रानात जात. त्याला कुरणशाळा म्हणत. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचं नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, हीच विकासवाडी. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे बोर्डीला आल्यापासून सत्तेचाळीस वर्षं, त्याच कामात राहिल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मकथन जुन्या वाचनालयांतून सापडतं. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि मुलांची अंघोळ, केस, खरूज, भूक हे जास्त आहे, म्हणूनच मला ते शिक्षणावरचं उत्तम पुस्तक वाटतं.

जाता जाता वर्ध्याचा उल्लेख केला पाहिजे. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला शिक्षणपरिषद बोलावली. हस्तव्यवसायातून शिक्षण या कल्पनेचा अभ्यासक्रम ठरवायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन. टकलीवर सूत काढता काढता गणित, भूगोल आणि इतिहास यावा, अशी ती मांडणी. बऱ्याच शाळांत मात्र टकली राहिली आणि गणित-भूगोल निसटले. हात हलतो म्हणजे डोकं चालतंच असं नाही. मुलाने हाताने जे केलं त्याबद्दल त्याला विचारणारं, बोलतं करणारं माणूस समोर लागतं. कोसबाडला ते होतं.

आता आपल्या रत्नागिरीकडे येऊ. इथली मुलंही पुस्तकातली मराठी घरी बोलत नाहीत. कुणाची संगमेश्वरी, कुणाची आमची मुसलमानी कोकणी, कुणाची खारव्यांची. पुस्तकात ‘विहीर’ असे आणि आमच्या घरी ‘बाव’. मी लहानपणी वर्गात ‘बाव’ म्हटलं तेव्हा सगळे हसले होते. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी उठून रहाट ओढल्याचा नुसता अभिनय केला, घागर वर घेतली, वाकून बाहेर काढली आणि म्हणाले, “हिलाच पुस्तकात विहीर म्हणतात.” एवढंच. पण त्या दिवशी माझा शब्द चुकीचा ठरला नाही, त्याला एक जोडीदार मिळाला. पुढे मराठीत कविता लिहायचं धाडस झालं त्यात त्या रहाटाचा हात असावा.

आज त्या बाकावर आणखी एक मूल येऊन बसलं आहे. आपल्या आंबा-काजूच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर कामाला नेपाळी कुटुंबं येतात. त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात. पटसंख्या घटत चाललेल्या वाडीवरच्या शाळांना ही मुलं म्हणजे आधार. अशाच एका शाळेत मला कविता वाचायला बोलावलं होतं. मी वाचली, मुलांनी शहाण्यासारखी ऐकली, म्हणजे कंटाळली. त्यानंतर तिथल्या बाईंनी आपला तास घेतला. वर, खाली, आत, बाहेर, जवळ, लांब असे शब्द होते. बाई शब्द म्हणायच्या आणि हात करायच्या, मुलं तेच अंगाने करायची. मग बाईंनी नुसते हात केले आणि शब्द मुलांनी म्हटले. मग नुसता शब्द, आणि हात मुलांचे. महिन्याभरापूर्वी आलेली, मराठीचा गंध नसलेली एक नेपाळी मुलगी या तिसऱ्या फेरीत सगळ्यांच्या आधी ‘आत’ला दोन्ही हात पोटाशी घेऊन मोकळी झाली. माझी कविता तिला कळली नव्हती, हे मी ओळखूनच होतो. पुन्हा गेलो तेव्हा कविता निवडताना तिच्यात करण्यासारखं काय आहे ते पाहून निवडली.

अशा बाई पुष्कळ आहेत, त्यांचं नाव कुठे छापून येत नाही. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या सरकारी शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग चालवून दाखवले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला. मग गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. वर्तुळं, चौकोन, अंक, बाराखडी. काही ठिकाणी मुलं त्यावर उड्या मारत शिकली. काही ठिकाणी फरशी खराब होईल म्हणून मुलांना त्यावर चालायची बंदी होती! टकलीचीच गोष्ट रंगात पुन्हा घडली.

शिक्षकमित्रांशी बोलताना तीन तक्रारी ऐकू येतात. वर्गात गोंगाट होतो, ही पहिली. होतो खरा. माँटेसरी बाईंकडे त्यावर एक सुंदर खेळ होता, शांततेचा : सगळ्यांनी इतकं निश्चल व्हायचं की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, आणि मग दुरून कुजबुजत एकेकाचं नाव पुकारलं की त्याने आवाज न करता यायचं. तोंडावर बोट ठेवायला न लावता मिळालेली शांतता. दुसरी तक्रार, वेळ जातो, भाग पूर्ण होत नाही. हिच्यात तथ्य आहे. दोन शिक्षक, चार वर्ग आणि वर माहिती भरण्याचे ऑनलाइन तक्ते, अशा शाळेत रोज नवं नाटक कुणाला जमेल? पण बाईंच्या त्या तासाला मी घड्याळ लावलं असतं तर पंधरा मिनिटंही भरली नसती, आणि साधन म्हणाल तर त्यांचे दोन हात. तिसरी तक्रार तोंडाने सांगत नाहीत, चेहऱ्यावर दिसते : हातवारे करायची लाज वाटते. नमन-खेळे आणि जाखडीच्या मुलखात ही लाज कुठून आली कोण जाणे. शिमग्यात आणि गणपतीत जो माणूस रात्रभर नाचतो, तोच सोमवारी वर्गात खुर्चीला चिकटून बसतो.

अलीकडे या विषयावर प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या सुसान गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं मुलांच्या हातवाऱ्यांचा अभ्यास करत आल्या आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात तिसरी-चौथीच्या मुलांना साधं वाटणारं गणित दिलं : ४ + ३ + ६ बरोबर किती + ६? काही मुलांना धडा शिकताना ‘ही बाजू आणि ती बाजू सारखी करायची’ असं नुसतं म्हणायला लावलं. काहींना तेच हाताने दाखवायला लावलं, आधी डावी बाजू, मग उजवी. चार आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा हात वापरलेल्यांच्या लक्षात ते जास्त राहिलं होतं. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त आवडतं. मूल तोंडाने चुकीचं उत्तर देत असतं आणि त्याच वेळी त्याचे हात बरोबर वाट दाखवत असतात, असं पुष्कळदा होतं. अशी मुलं शिकायच्या अगदी उंबरठ्यावर असतात. त्या वेळी शिकवलं तर पटकन पुढे जातात.

घरात आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर आज हे गणित त्याला घालून पाहा. ते बहुधा तेरा म्हणेल, किंवा सगळे मिळवून एकोणीस. उत्तर चुकलं म्हणून लगेच पेन्सिल हातात घेऊ नका. कसं केलंस, एवढंच विचारा, आणि ते सांगत असताना त्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहा. बोट बरोबरच्या चिन्हापाशी एकदा थांबलं, पलीकडच्या सहावर गेलं आणि परत आलं, तर पुढचा प्रश्न तिथूनच विचारायचा.